शिवलेली पानं

माझ्या हातात कुणाचा तरी खालचा जबडा होता आणि मी मेणात त्याचा पुढचा दात सरळ करत होते, तेव्हा पलीकडच्या स्टुलावरून नवी मुलगी म्हणाली, "काय फालतू पुस्तक आहे हो मावशी! नुसतं भूत भूत म्हणून ओरडतंय. भीती कुठाय?" जेवणाची सुट्टी संपत आली होती. आमचा कारखाना म्हणजे दोन खोल्या. एकीत प्लास्टर आणि पॉलिशचं यंत्र, दुसरीत आम्ही. भिंतीवरच्या फळ्यांवर पांढऱ्या जबड्यांच्या रांगा, सगळे आ वासून. दंतवैद्य मापं पाठवतात, आम्ही कवळ्या करून देतो. ज्यांच्या तोंडात त्या जातात ती माणसं आम्हाला कधी दिसत नाहीत, त्यांचं बोळकं तेवढं ओळखीचं होतं. मुलीने पुस्तक पालथं घालून पाण्याची बाटली उघडली आणि मला मुखपृष्ठ दिसलं. अर्धवट उघडं दार, दारातून दिसणारी खुर्ची, खुर्चीवर कुणी नाही. वर लाल अक्षरांत, 'पाहुणा आत आहे'. कागद नवा, गुळगुळीत, पण खुर्ची तीच. शाळेच्या वयात मी त्या रिकाम्या खुर्चीकडे बोटांच्या फटीतून बघायची.

"कुठं मिळालं तुला हे?"

"नव्याने काढलंय ना. आमच्या आईने मागवलं. म्हणाली, वाचून बघ, आम्ही हे वाचलं की रात्री तहान लागली तरी उठायचो नाही. तुम्ही वाचलंय?"

"वाचलंय? पाठ आहे मला!"

"मग सांगा बरं," तिने मध्येच कुठंतरी उघडून पानावर बोट ठेवलं, "नवव्या प्रकरणात काय होतं? 'चमचा' नावाच्या."

मी सांगायला तोंड उघडलं. आठव्यात पाहुण्याची नखं जिन्याच्या कठड्यावर टकटक वाजत वर येतात. दहाव्यात तळघराचं दार आतून लावलेलं सापडतं. अकराव्यात थोरली मुलगी कंदील घेऊन खाली उतरते आणि कंदील एकटाच वर येतो. सगळं होतं, जिथल्या तिथे, अंगावरच्या काट्यासकट. नववं नव्हतं. जिना चढताना एक पायरीच कुणीतरी काढून नेलेली असावी आणि इतकी वर्षं आपण ती न बघता ओलांडत असावं, तसं. माझा अंगठा घसरला, दात मेणातून पुढे आला आणि तो अनोळखी जबडा मला वेडावून दाखवायला लागला.

धक्का तसा एवढासा. पण मी सकाळपासून आधीच अर्धी उसवलेली होते. कामावर निघताना भावजींचा फोन आला होता. "ती नाही म्हणतेय गं. परवा दवाखान्यात दाखल व्हायचंय आणि ही म्हणते, मी येत नाही, काय व्हायचं ते घरीच होऊ दे. तुझं ऐकते ती. तू समजाव." मग आवाज खाली गेला. "बाकीचं मात्र बोलू नकोस हं. तेवढं नको." तेवढं म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या छातीतली गाठ. ती साधी नव्हती. वेळेवर सापडली होती, एका जागी होती, काढली आणि पुढची औषधं नीट घेतली तर बाई खणखणीत होतील असं डॉक्टर स्वतः म्हणाले होते. पण त्या गाठीचं जे नाव होतं ते घरात उच्चारायचं नाही असं ठरलं होतं. भावजींनी ठरवलं, दूरदेशी राहणाऱ्या भाच्याने फोनवरून मान डोलवली आणि ती आम्हाला दिसली, मी म्हटलं, "तेच बरं." तेव्हापासून दर भेटीत ताई विचारायची, "नक्की काय गं?" आणि मी पंख्याकडे बघत सांगायची, "काही नाही, साधी गाठ. चामखिळीची थोरली बहीण समज." ताई हसायची. तिचं हसू ओठांच्या अलीकडेच थांबायचं, हे मला दिसायचं आणि मी ते दिसू द्यायची नाही. आता तिला साध्या गाठीसाठी एवढ्या मोठ्या दवाखान्यात कसं न्यायचं? जे सांगायचं नाही त्याच्याशिवाय तिला काय सांगायचं? दिवसभर हाच प्रश्न दाताच्या फटीत अडकलेल्या कणासारखा जिभेला लागत होता.

मालकांना म्हटलं, "मी आज लवकर निघते."

"ती खालची कवळी उद्या द्यायचीय बाई."

"जबडा कुठं पळून जात नाही."

मुलीकडून पुस्तक मागून घेतलं. "भीती वाटली तर सांगा हं," ती दात काढत म्हणाली.

ताईचं घर तिथून चालत जाण्यासारखं. पण पाय तिकडे वळेनात. कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात मागच्या बाकावर बसले आणि पुस्तक पहिल्यापासून उघडलं. नवव्यावर एकदम जायचं धाडस होईना. असं होतं, नको त्या घरी जाताना माणूस वाटेतल्या चार घरी उगाच डोकावतो. पहिलं प्रकरण, उतारावरचं भाड्याचं घर. दुसरं, रिकामी खुर्ची रोज सकाळी थोडी सरकलेली. वाचत गेले आणि वाट बघत राहिले, की आता येईल, आता मानेवरून ते गार बोट फिरेल. येईना. मेणबत्ती विझायची ती बरोबर हवी तेव्हाच विझत होती. घरातली माणसं एकेकटी तळघरात जात होती, चार जणांनी मिळून जावं हे एकालाही सुचत नव्हतं. प्रत्येकाची भीतीने दातखीळ बसत होती. दातखीळ! एवढी वर्षं जबड्यांत घालवली, मला माहीत आहे जबडा कुठे अडतो आणि कसा सुटतो. मला हसू आलं आणि हसल्याचं लगेच वाईट वाटलं. लहानपणी ज्या मास्तरांना आपण चळचळा कापत होतो ते म्हातारपणी रस्त्यात भेटावेत, त्यांची पँट सैल झालेली असावी आणि त्यांनीच आपल्याला हात धरून रस्ता ओलांडून द्यायला सांगावं, तसं ते पुस्तक माझ्या हातात बसलं होतं. भीती गेली होती. पण ती जिथे असायची ती जागा होती. उबदार होती, नुकतीच कुणी उठून गेल्यासारखी.

ती जागा ताईच्या डाव्या बगलेत होती. दोघींची एकच कॉट, एकच पांघरूण, उशाशी दिवा. पुस्तक ताई वाचायची, मोठ्याने, आणि मी तिच्या अंगाला चिकटून ऐकायची. भुताचा आवाज ती नाकातून काढायची. मेलेल्या माणसाचं बोलणं आलं की पोटातून, घागरीत तोंड घालून बोलल्यासारखं. नखांचा आवाज कॉटच्या लाकडावर काढायची आणि मी कानात बोटं घालून म्हणायची, "पुरे, पुरे... पुढं काय झालं?" ती तेव्हा शिवणाच्या क्लासला जायची. वाचनालयातून पुस्तक आणलं की आधी ती दिवसा एकटी वाचून काढायची, स्वयंपाकघरात, एक डोळा चुलीवर ठेवून. मग सुई घ्यायची. काही पानं एकत्र धरून त्यांच्या कडेने लांब लांब टाके घालायची. धावदोरा. कापड शिवण्याआधी तात्पुरतं जोडतात तसा, पांढऱ्या दोऱ्याचा, ओढला की निघणारा. "ही आपली नाहीत," म्हणायची. "ही सोडून द्यायची. पुढं तुला सगळं कळतं." आणि रात्री वाचताना त्या जाडजूड पानाशी आली की एकदम उलटायची. आवाजसुद्धा अडखळायचा नाही.

एकदा दोरा काढायचा राहिला आणि पुस्तक तसंच परत गेलं. वाचनालयवाल्या काकांनी ते उघडलं, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. "हे काय गं? पुस्तकाला टाके? ऑपरेशन झालंय का याचं? काय निघालं पोटातून, मुलगा की मुलगी?" रांगेतली माणसं हसली. मी लाजेने मेले. पण काकांनी नखाने हलकेच दोरा ओढून काढला आणि बोटाला गुंडाळत म्हणाले, "टाका मात्र सुरेख आहे हो. पानाला भोकसुद्धा दिसत नाही."

ती पानं म्हणजे माझ्यासाठी पुस्तकातलं पुस्तक होतं. मुंडकी तुटलेली ताई खुशाल वाचून दाखवते, कबरीतून निघालेला हात वाचून दाखवते, मग जे शिवून ठेवलंय ते काय असेल? ती क्लासला गेली की मी पुस्तक काढायची. पानं वरून जराशी फुगवून, एक डोळा मिटून, नळीत बघावं तसं आत बघायची. आतला अंधार कागदी, पिवळट. ओळी कुठल्या वाचता येणार? सुटे शब्द दिसायचे, विहिरीच्या तळाशी नाणी चमकावीत तसे. 'पाहुणा आत आहे' मधले शब्द मला अजून आठवतात, प्रकरण आठवत नसलं तरी. 'चमचा' होता. 'ओलं फडकं' होतं. 'ओठांच्या कोपऱ्यातून' होतं. पुष्कळ झालं! मी रात्रभर त्या तीन शब्दांचा संसार मांडत बसायची. पाहुणा चमच्याने डोळे काढतो. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतो. मग खातो आणि ओठांच्या कोपऱ्यातून... त्या वर्षी मी घरातल्या चमच्यांना हात लावायची नाही. हाताने खाते म्हणून ताई माझ्या पाठीत धपाटा घालायची आणि मी का ते सांगायची नाही.

त्याच वर्षी आई आतल्या खोलीत होती. तिची कंबर धरली होती. म्हणजे मला तसं सांगितलं होतं. आतल्या खोलीचं दार लोटलेलं असायचं. ताई आत-बाहेर करायची, पाण्याचं भांडं घेऊन, चादरींचा बोळा घेऊन. मला दारातूनच बघायला मिळायचं आणि आई उशीवरून हात जरासा उचलायची, पाण्यावरचं पान हलावं तेवढा. पूर्वी तीच आम्हाला थोपटायची. तिचं एक गाणं होतं, कुठून शिकलेली कोण जाणे, की तिनेच जुळवलं होतं :

नीज गं माझ्या बाई, दारा लावली मी कडी
भ्यायाचं जे काही होतं, त्याची घातली मी घडी

आई गाईनाशी झाल्यावर ताईने वाचायला सुरुवात केली. हे मला तेव्हा एकाला एक जोडता आलं नाही. मला वाटायचं, गाण्यापेक्षा भुतं बरी. मोठं झाल्यासारखं वाटतं. मी ताईला विचारायची, "आई कधी उठेल?" आणि ती चादर पिळता पिळता म्हणायची, "रविवारी." कुठल्या रविवारी ते मी विचारायची नाही. रविवार काही थोडे नसतात. एका दुपारी तिने मला पुस्तक बदलायला पाठवलं. परत येताना मी नवं पुस्तक रस्त्यातच उघडलं होतं, वाचत वाचत चालत होते. दाराशी आले तर पायऱ्यांवर चपलाच चपला. माझ्या मनात आलं, पाहुणे आले आहेत. मला आनंद झाला होता. हा आनंद मला अजून पोटात कुठेतरी टोचतो, गिळलेल्या हाडकासारखा. किती क्षणांचा असेल तो? पण तेवढ्या वेळापुरती सगळ्या गल्लीत मी एकटीच सुखी होते, कारण मला कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

चहा गार झाला होता. दुकानदार म्हणाला, "दुसरा देऊ का?" मी नुसतीच मान हलवली, हो की नाही ते त्यालाच ठरवू दिलं, आणि नववं प्रकरण उघडलं.

त्यात काहीच घडत नाही. उतारावरच्या त्या घरात आई पडून आहे. थोरली मुलगी ओल्या फडक्याने तिचे ओठ टिपते. मग चमचाभर पाणी देते. ते ओठांच्या कोपऱ्यातून परत येतं. थोरली मान थोडी उचलून धरते, पुन्हा चमचा लावते. पाणी पुन्हा परत येतं. पाहुणा पलंगाच्या पायथ्याशी खुर्चीत बसलेला आहे. सबंध कादंबरीत या एकाच प्रकरणात तो दिसतो, आणि इथेच त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही. थोरली त्याला म्हणते, "जरा सरकून बसा. मला चादर बदलायचीय." आणि पाहुणा सरकून बसतो. दारातून धाकटी विचारते, आई कधी उठेल. थोरली तिच्याकडे न बघता सांगते, "रविवारी."

मी पुस्तक मिटलं. मग पुन्हा उघडून तो शब्द तिथेच आहे ना ते पाहिलं. माझ्या कानात तो ताईच्या आवाजात होता, चादर पिळतानाच्या, दमलेल्या, आणि इथे छापलेला होता. म्हणजे तिने तो इथून उचलला होता. सोळा-सतरा वर्षांची पोर, तिला खोटं कसं बोलायचं ते कुणी शिकवलं नव्हतं, तिने ते पुस्तकातून घेतलं आणि पुस्तक शिवून टाकलं. आणि मी वरून नळीत बघत राहिले. माझ्या भुताने चमच्याने डोळे काढले, तेव्हा आतल्या खोलीत खरा चमचा होता, त्यात नुसतं पाणी होतं, आणि ते मी एकदा तरी आईच्या ओठांना लावलं असतं. लावू दिलं असतं तर. बाकावरून उठले तेव्हा मला राग आला होता. केवढा राग! एवढ्या वर्षांनी तो आला, घर चुकलेल्या पाहुण्यासारखा, आणि आता बसायला जागा मागत होता. रस्त्यात बसगाड्यांचे दिवे लागले होते, माणसं घरी चालली होती, एकमेकांच्या खांद्याला धक्के देत. मला प्रत्येकाच्या तोंडाकडे बघावंसं वाटत होतं. याने काय शिवून ठेवलंय? हिने काय? मी जिने चढले ते भांडायलाच. कुणाशी ते मात्र ठरत नव्हतं. तिने माझं काय केलं ते तिला विचारणार होते आणि मी तिचं काय करते आहे ते पंख्याकडे बघून विसरणार होते.

दार ताईने उघडलं. "ये ठमे. भावजींनी पाठवलंय ना तुला? समजावायला?" मला ठमी म्हणणारं आता जगात तिच्याशिवाय कुणी नाही. पलंगभर कपड्यांच्या थप्प्या होत्या. कपाट उघडं, आत नुसते हँगर. "ही थप्पी तुझी. ही सूनबाईची. ही वाटून टाका कुणालाही."

"भावजी कुठंयत?"

"गेलेत औषधं आणायला. काल मला म्हणाले, तू बस, चहा मी करतो. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. मी तर घाबरलेच बाई." ती एक शाल उलगडून पुन्हा घडी घालत होती. घडीची कड घडीवर बसेना, म्हणून पुन्हा. "मुलगा रजा काढून येतोय. साध्या गाठीला कुणी एवढ्या लांबून रजा काढून येतं? तू दिवसाआड येतेस, एरवी तुझं तोंड दिसायला सण लागतो. सगळे गोड बोलतात. हे बाल्कनीचं दार लावून फोनवर बोलतात. मी काय दूधखुळी आहे? मी आपलं जोडत बसते."

"काय जोडलंस?"

"की काही उरलेलं नाही. सगळीकडे पोचलंय. आता तुम्ही नेणार, ते चिरणार, बघणार आणि तसंच शिवून परत देणार. सगळं केलं म्हणायला तुम्ही मोकळे." ती हे इतक्या साध्या आवाजात म्हणाली, जसं काही पडदे धुवायला टाकायचे आहेत. "म्हणून म्हटलं, मी येत नाही. माझ्या पलंगावर मरते. तेवढं तरी माझं मला राहू दे."

माझ्या हातात पुस्तक होतं. भांडायचं ते कुठून काढायचं हे सुचेना, म्हणून मी तेच पुढे केलं. ताईने मुखपृष्ठ पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "अगं, हा कुठून उगवला मेला? अजून आतच आहे का?" तिने पानं अंगठ्यावरून सोडली, आणि अंगठा एका ठिकाणी आपोआप थांबला.

"नववं," मी म्हटलं. "आज वाचलं."

तिने अंगठा तिथून काढला नाही.

"मला का नाही वाचू दिलंस ताई? मला भीती वाटेल म्हणून? मी मुंडकी ऐकत होते ना? हात ऐकत होते ना? मला का बाहेर ठेवलंस?" माझा आवाज चिरकला. या वयात, त्या थप्प्यांच्या मध्ये उभं राहून.

ताईने माझ्याकडे बघितलं, खरंच नवल वाटल्यासारखं. "तुझ्यासाठी? तुझ्यासाठी कुठं शिवलं होतं मी?"

"मग?"

"तुला काय, तू ऐकलं असतंस आणि पाच मिनिटांत घोरायला लागली असतीस. माझंच धाडस नव्हतं गं. दिवसभर आईला चमच्याने पाणी पाजायचं आणि रात्री तेच मोठ्याने वाचायचं? मध्येच माझा आवाज गेला असता, तू म्हणाली असतीस, ताई थांबलीस का, आणि मग मी काय सांगणार होते? म्हणून शिवलं. नुसतं सोडून द्यायचं म्हटलं तरी डोळा गेलाच असता. शिवलं की हात आपला पुढच्या पानावर जातो." ती पानाची कड चाचपत होती. "तुला आत येऊ देत नव्हते तेही त्याच्याचसाठी. तू आईकडे बघितलं असतंस आणि मला तुझ्याकडे बघावं लागलं असतं."

मी खाली बसले, सूनबाईच्या थप्पीवरच. माझ्या डोळ्यांपुढे पंखा आला. इतके दिवस मी ज्याच्याकडे बघत 'साधी गाठ' म्हणत होते तो, त्याच्या पात्यांवरची धूळ, एका पात्याचा उडालेला रंग. ताईच्या घरातला पंखा मला इतका पाठ होता आणि या दिवसांतला ताईचा चेहरा आठवत नव्हता. तिला झेपणार नाही, असं आम्ही तिघं म्हणत होतो. तिला! जिने पाहुण्याला सरकून बसायला सांगितलं असतं तिला.

मी तिच्याकडे बघितलं. बघताना मान दुखली, खरोखरची.

"कॅन्सर आहे ताई."

तिने पुस्तक बाजूला ठेवलं आणि शाल पुन्हा हातात घेतली.

"लहान आहे. एका जागी आहे. कुठं गेलेला नाही. काढायचा, मग औषधं. केस जातील, मग येतील. त्रास होईल, पुष्कळ होईल म्हणाले. पण बाई खणखणीत होतील, असं म्हणाले. डॉक्टर म्हणाले, मी नाही."

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. या वेळी 'त्रास होईल' आधी सांगितलं.

"कुठं गेलेला नाही?"

"नाही."

"शप्पथ?"

"तुझी."

"माझी कशाला घेतेस आता, आगाऊ!" तिने ती शाल माझ्या तोंडावर मारली. मग दुसरी थप्पी. मग एक उशी. "तुम्ही तिघांनी मिळून ठरवलंत! माझ्या छातीतलं, आणि मलाच नाही? आणि मी इकडे मरायला बसले! गाढवे, सगळं कपाट आवरलं की गं मी! ती माझी लोकरीची शाल, ती बरी, शेजारणीला देऊन टाकली काल. रडली ती घेताना. आता मागू कुठल्या तोंडाने?" आणि मग ती रडली, तोंड उघडं टाकून, अंग सोडून, मी तिला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं, आईच्या वेळीही नाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि माझा हात तिला कुठेही टाळत नव्हता. बऱ्याच वेळाने तिने पदराने नाक पुसलं आणि विचारलं, "परवा किती वाजता जायचंय?"

"सकाळी. उपाशी पोटी."

"मग उद्या पोटभर जेवीन," ती म्हणाली.

दारात किल्ली फिरली. भावजी आत आले, धापा टाकत, हातात औषधांची पिशवी. "काय झालं? खालपर्यंत आवाज येतोय." त्यांनी विखुरलेले कपडे पाहिले, ताईचे डोळे पाहिले, मग माझ्याकडे बघितलं. आणि माझी जीभ, इतक्या दिवसांची शिकलेली, माझ्या आधी पुढे झाली. "काही नाही भावजी, जुन्या पुस्तकावरून जरा—"

"काही नाही कसं?" ताई म्हणाली. "मला सांगितलंय हिने. नाव घेऊन सांगितलंय."

भावजी उभेच राहिले. चांगला धिप्पाड माणूस, पण पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली तेव्हा ते शाळेतून घरी पाठवलेल्या मुलासारखे दिसायला लागले. ते माझ्यावर चिडतील असं मला वाटलं. मी मान खाली घातली नाही. ते चिडले नाहीत.

"बसा," ताई म्हणाली.

ते पलंगाच्या कडेला बसले, जेमतेम, पिशवी मांडीवर. "मला वाटलं, तू घाबरशील."

"घाबरले होतेच. तुम्हाला कसली भीती वाटते ते सांगा."

"मला कसली?" ते घाईने म्हणाले, आणि थांबले. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पी-पी आवाज बराच वेळ येत राहिला. तो बंद झाल्यावर ते बोलले, पिशवीकडे बघत, एकेक शब्द जणू पहिल्यांदाच हातात धरून. "रात्री तू कूस बदललीस की मला जाग येते. आणि बराच वेळ नाही बदललीस तरी येते. मग मी तसाच पडून ऐकत राहतो."

"काय ऐकता?"

"तुझा श्वास."

ताईने त्यांच्या मांडीवरची पिशवी उचलून खाली ठेवली.

"अहो, मग मला उठवायचं ना," ती म्हणाली.